सापाची मावशी

“आई, साप!”

चित्रा ओरडली तशी हातातलं सूप टाकून रेवती अंगणात धावली. बहीण वारल्यावर तिच्याच नवऱ्याशी रेवतीचं लग्न लावून दिलं होतं. भाची आज पहिल्यांदा तिला आई म्हणाली होती.

धुण्याच्या दगडाखाली एक सापसुरळी शिरत होती. “साप नाही गं, ही सापाची मावशी,” चित्राला जवळ घेत रेवती हसली. “विष नसतं हिला.”

“मग मावशी का म्हणतात?”

ओसरीवर सुपारी कातरणाऱ्या नणंदबाई अशी संधी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. “अगं, सापीण मेली की ही तिच्या बिळात राहायला येते. बीळ आयतं, पिल्लं आयती. म्हणून मावशी!” मग रेवतीकडे बघून म्हणाल्या, “थट्टा हो वहिनी. तुम्ही लगेच मनाला लावून घेता.”

चित्राने धरलेला पदर सोडला.

दुपारी जेवताना रेवतीने तिच्या भातावर तूप वाढलं. “पुरे, मावशी,” चित्रा म्हणाली.

नणंदबाईंनी ताक भुरकलं आणि त्यात मीठ कमी आहे, एवढंच सांगितलं.