कार्बन कॉपी

आमच्या कारखान्याच्या योजनेत नव्या घराला बसवलेल्या नळ-बेसिनवरचा विक्रीकर परत मिळायचा. आज अर्जाचा शेवटचा दिवस होता. खिडकीतल्या कारकुनानं माझं बिल उजेडाला धरलं. नव्या घराचं बिल म्हणून बायकोनं देवापुढं ठेवून ओलं कुंकू लावलं होतं आणि नेमका कराचा आकडा त्याखाली गेला होता. "ह्यात काय दिसत न्हाय, पावणं. दुकानातनं नक्कल आणा. पाचला खिडकी बंद हुतीया." सायकल दामटत मंगळवार पेठेतलं दुकान गाठलं. वाटेत बायकोवर चिडलो, मग आठवलं, कुंकवाचा करंडा मीच तिच्या हातात दिलता. दुकानदारानं हसून बिलबुक काढलं. "कार्बन कॉपी हाय की," म्हणत त्यानं पहिलंच पान उघडलं. पानभर कुंकवाचं स्वस्तिक होतं. निळी अक्षरं त्यात बुडाली होती. तो म्हणाला, "पाडव्याचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. तुमच्याच बिलाची पूजा केली की."