दांडगटाची परीक्षा

“आज खरं खरं उत्तर द्यायचं, ऑरेस्ट. आज चलाखी नको,” रॉक्सॅनने ट्रकची किल्ली त्याच्या हातात ठेवत बजावलं.

“सकाळपासून दुसऱ्यांदा सांगतेयस.”

“चौथ्यांदा,” ती म्हणाली, आणि दवाखान्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिने त्याच्या खिशात सरकवली.

ऑरेस्ट बायलाक हसला. अकरा वर्षं ज्या दवाखान्यात हाडं जोडून घेतली, त्याचा पत्ता कशाला? पण बायकोशी वाद घालून जिंकलेला माणूस कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात अजून जन्माला यायचा होता. त्याने चिठ्ठी राहू दिली.

कापणीचे दिवस होते. रस्त्यालगतच्या शेतांत यंत्रं फिरत होती आणि हवेत नुसता भुसा उडत होता. त्या धुळीत एक वळण चुकलं. ऑरेस्टने धुळीला एक इरसाल शिवी हासडली आणि ट्रक मागे वळवला.

बर्फावरच्या हॉकीत काही जण गोल करायला असतात, काही अडवायला. ऑरेस्ट तिसऱ्या प्रकारातला. आपल्या गोल करणाऱ्याला कुणी वाकडा धक्का दिला, की हातमोजे फेकायचे आणि त्याची गचांडी धरायची, एवढंच त्याचं काम. अकरा मोसमांत गोल नऊ, मारामाऱ्या दोनशेच्या वर. नाक चार वेळा मोडलेलं. उजव्या मुठीत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. पुढच्या दातांपैकी स्वतःचा एकच, आणि त्याचा त्याला फार अभिमान.

या धंद्यालाही रीत होती. आधी विचारायचं, “येतोस का?” तो हो म्हणाला तरच ठोसा. जायबंदी माणसावर हात टाकायचा नाही. खाली पडला की थांबायचं.

आणखी एक रीत होती, तिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे. दर मोसमाच्या आधी डॉक्टर डोक्याची चाचणी घेत. पाच शब्द लक्षात ठेवा, महिने उलटे म्हणा, एका पायावर उभे राहा. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा. गुण घसरले, तर बसा घरी. म्हणून जाणते गडी पहिल्या चाचणीतच मुद्दाम ढ व्हायचे. दोन शब्द विसरायचे, एका पायावर डुगडुगायचं. मुळात गुणच कमी, तर घसरणार कुठून?

ऑरेस्ट यात वस्ताद होता. नव्या पोरांना तो वर शिकवायचाही, “फार विसरू नका रे. डॉक्टर बघतो. दोनच शब्द.”

आज मात्र गणित उलटं होतं. शेजारच्या गावच्या क्लबने त्याला प्रशिक्षकाची नोकरी देऊ केली होती. अट एकच, डोकं ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला. ही नोकरी त्याला हवीच होती. हॉकीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि मार खायचा त्याला आता मनापासून कंटाळा आला होता. रोज संध्याकाळी घरी यावं, रॉक्सॅनने केलेल्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, कांदा घालून खाव्यात, सकाळी तोंडाला रक्ताची चव नसावी. त्याचं मागणं फार नव्हतं.

“काय बायलाक, यंदा काय मोडून आणलंस?” डॉक्टर हॅल्व्हरसन दारातच म्हणाले. संघाचे हे म्हातारे डॉक्टर त्याला अगदी पहिल्या मोसमापासून ओळखत होते.

“सगळं जागच्या जागी आहे, डॉक्टर. हे तुमच्यासाठी.” त्याने क्लबचं पाकीट पुढे केलं.

“कागद मग. आधी काम.” डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवलं.

स्वेटर घालताना खांदा निखळल्याचा किस्सा ऑरेस्टने त्यांना रंगवून सांगितला. डॉक्टर हसले, दरवेळी हसत तसेच. मग त्यांनी पाच शब्द वाचून दाखवले. ऑरेस्टने डोळे मिटून ते मनात घोकले. इतकं लक्ष त्याने शाळेतही कधी दिलं नव्हतं.

“आता महिने, उलटे.”

“डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै...” तो न अडखळता जानेवारीपर्यंत पोचला. डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले.

मग आकडे झाले. मग एका पायावर उभं राहणं. जमीन जरा हलल्यासारखी वाटली, पण त्याने गुडघ्याला दोष दिला. तो गुडघा दोनदा फाडून शिवलेला होता, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार?

“आणि सुरुवातीचे पाच शब्द?”

ऑरेस्टने बोटांवर मोजत पाच शब्द सांगितले. पाचवं बोट मिटलं तेव्हा त्याची छाती फुगली होती. लपवाछपवी न करता परीक्षा देणं इतकं सोपं असतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. घरी जाताना रॉक्सॅनसाठी सफरचंदाचा केक न्यायचा, असं त्याने ठरवूनही टाकलं.

डॉक्टरांनी बेरीज केली. गालातल्या गालात हसत मान हलवली आणि पाकीट फोडलं. पत्र वाचता वाचता त्यांचं हसू एकदम फुटलं.

“अरे गाढवा, नोकरीचा दाखला हवाय हे आधी नाही का सांगायचंस! तुम्हा सगळ्यांची नाटकं मी इतकी वर्षं मुकाट बघतोय, मला कळत नाही असं वाटतं काय? सवयीने आजही तेच करून बसलास. आणि यंदा तर फारच अति केलंस बाबा. पाचांतले चार शब्द चुकीचे, वर सप्टेंबर गायब, कुणाचा विश्वास बसणार नाही.” त्यांनी तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला, कोरा पुढे ओढला आणि पेन उघडलं. “चल, आता खरी दे.”