दुसरी किल्ली

नर्सच्या धाकट्या भावाने आईला घराबाहेर काढलं, तेव्हा ती लेकीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि तिथेच वारली. पुढे धंद्यात स्वतःचं घर घालवून भाऊही आला आणि हातपाय पसरून बसला. भाडेकरार नर्सच्या एकटीच्या नावावर होता. एके सकाळी तिने घरमालकिणीला वर बोलावलं. "मुदतीआधी जागा सोडायला वकील नको?" मालकिणीने विचारलं. "तुम्ही राजी, मी राजी. वकील कशाला?" स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघींनी जागा सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. नर्सने आपली किल्ली दिली आणि भावासमोर हात पुढे केला. "तुझीही दे." चहा पीत बसलेला भाऊ पांढराफटक पडला. "ताई, मी कुठे जाऊ?" "आईनेही हेच विचारलं होतं. तू दार लावून घेतलंस." त्याने किल्ली टेबलावर ठेवली. मालकिणीला ती उचलवेना, म्हणून नर्सनेच तिच्या हातात दिली.