होडीतली बाई

“आता तुमच्या आयुष्यातला एखादा आनंदाचा दिवस सांगा, काका,” मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या आणि काकूंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आता होडी येणार.

म्हातारपणी माणसाची आठवण कुठे टिकते आणि कुठे दगा देते, यावर बाईंचं संशोधन चाललं होतं. लहानशी खोली, टेबलावर रेकॉर्डर. काकांनी बोलायचं. काकूंनी शेजारी बसून अवाक्षर न काढता ऐकायचं आणि प्रत्येक आठवणीपुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’च्या चौकटीत खूण करायची. नवऱ्याचं बोलणं तपासायचं हे काम काकूंना बेहद्द आवडलं होतं. होडी येईपर्यंत.

ही होडीची गोष्ट एकतीस वर्षं येत होती. काकूंचं लग्न झालं तेव्हा काकांची पहिली बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तिची होडी काही घरातून हलली नाही. पाहुणे आले की होडी. टीव्हीवर पाणी दिसलं की होडी. जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात. हिचं काय करायचं? तिशीतच गेलेली. तिला ना सुरकुती, ना गुडघेदुखी.

“तळ्यावर गेलो होतो,” काका सुरू झाले. “ऐन मधोमध माझ्या हातातलं वल्हं निसटलं. मग काय, डब्याच्या झाकणानं पाणी ओढत, गोल गोल फिरत काठाला लागलो. आणि ही!” त्यांनी काकूंच्या हातावर थाप मारली. “ही आपली खो खो हसतेय. हसून हसून उचकी लागली हिला.”

काकू चमकल्या. काका त्यांच्याकडेच बघत होते. होडीची गोष्ट सांगताना ते नेहमी घरी भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघायचे, तसे.

बाईंनी नुसतं पेनाकडे बोट दाखवलं. काकूंनी ‘बरोबर’वर खूण केली, इतकी ठसठशीत की कागद फाटायचा राहिला. गेली एकदाची सवत बुडून! त्यांना इतका आनंद झाला की खोट्या खुणेची लाज वाटायचीसुद्धा राहून गेली.

“आता एखादा कठीण काळ सांगा.”

“मांडीचं हाड मोडलं, तो,” काका म्हणाले. “चार महिने पलंगावर. सगळं अंथरुणात. पण माझी पहिली बायको… काय सांगू तुम्हाला! भांडं द्यायची, ते धुवायची, मला कुशीवर वळवायची. कधी तोंड वाकडं केलं नाही. एकदा मी वैतागून सुपाची वाटी फेकली, ती तिच्या कपाळाला लागली. एक शब्द बोलली नाही. देवमाणूस होती हो. तिच्यामुळे मी पायावर उभा राहिलो.” त्यांचे डोळे भरून आले.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. हाड मोडलं होतं सहा वर्षांपूर्वी. वाटी लागली होती काकूंच्या कपाळाला. आणि एक शब्द बोलली नाही? दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं त्यांनी! तोंडही वाकडं केलं होतं, रोज. पण भांडं एकदाही उशिरा दिलं नव्हतं. तेव्हा काका काय म्हणायचे? ‘उशी नीट ठेव.’ देवमाणूस हा शब्द सहा वर्षांनी सुचला, आणि तोही त्या पहिलीसाठी.

बाई वाट बघत होत्या. मुकाट्यानं ‘चूक’वर खूण केली असती तरी चाललं असतं, पण काकूंचं तेवढ्यानं भागेना.

“चूक,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “ते सगळं मी केलं.”

“काकू, रेकॉर्डर चालू आहे.”

“असू दे. त्यालाही कळू दे.”

काका गोंधळून काकूंकडे बघत राहिले. “अगं, तू तर होडीत होतीस,” ते हळूच म्हणाले. “पिवळी छत्री घेऊन.”

किती गोड म्हणाले! नुसती मान हलवली असती तर होडी कायमची काकूंची झाली असती. पण त्यांनी कागद पुढे ओढला आणि मघाची ती ठसठशीत खूण गिरगटून खोडून टाकली.

“मी जन्मात कधी होडीत बसलेले नाही. मला पाण्याची भीती वाटते,” त्या बाईंना म्हणाल्या. “लिहून घ्या. होडी तिची. भांडं माझं.”