मांजराची मिशी
मूत्रपिंडाला चिकटून बसणाऱ्या जंतूचं ते प्रथिन दाद देत नव्हतं. नुसता चुरा, धड स्फटिक नाही, मग क्ष-किरणांनी आतली रचना दिसणार कशी? स्वीडनमधल्या उप्सालाच्या प्रयोगशाळेत यावर जुनाच उपाय होता: मांजराची गळलेली मिशी त्या चुऱ्यातून नव्या थेंबात ओढली की रेषेवर स्फटिक धरतात. काडेपेटीत जमवलेल्या मिशा फुकट गेल्या. तिथं काम करणाऱ्या गुन्वोरची लेक याच जंतूनं गेली होती. लेकीच्या कंगव्यात अडकलेला शेवटचा केस तिनं कुणालाही न सांगता चुऱ्यातून नव्या थेंबात ओढला. सोमवारी सहकारी टॉर्केल सूक्ष्मदर्शकावरूनच ओरडला, “अगं, धाव! रांगच लागलीये!” तिनं डोळा लावला. केसाच्या रेषेवर स्फटिक गच्च चिकटून बसलेले. “कुठल्या मांजराची मिशी ही? नशीबवान निघाली! अजून आण ना.” “आता नाही मिळायची.” “का गं? मांजर गेलं?” गुन्वोरनं मान डोलावली. “मग दुसरं पाळ की!”