डोळा लागला तरी चालेल

आधीच्या सगळ्या लेन्स डोळ्यांत कुसळासारख्या खुपल्या होत्या. ही जोडी मात्र घातल्याचंसुद्धा कळेना. चष्म्याच्या दुकानातले काका म्हणाले होते, "या घालून डोळा लागला तरी चालेल."

सकाळभर शिवणयंत्रावर सुखाने काम केलं. सुईत दोरा चक्क पहिल्या फटक्यात गेला. दुपारी जेवून आडवी झाले आणि डोळे मिटले.

खोली दिसतच राहिली.

पंख्याची पाती, खिडकीतलं ऊन, यंत्रावर अर्धवट राहिलेली बाही, सगळं लख्ख. पापण्या चाचपल्या, तर घट्ट मिटलेल्या. चाचपणारी बोटंही दिसत होती. गंमत म्हणजे भीती वाटली नाही. डोळ्यांना इतका आराम कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

तेवढ्यात नवरा आत आला. "झोपलीस का गं?"

"छे, तुलाच बघतेय."

"डोळे मिटून? सांग बरं, माझ्या हातात काय आहे?"

"चहाचा कप. कान तुटलेला."

त्याने कप खाली ठेवला. तो घाईने माझ्याजवळ बसला. "थट्टा पुरे. उघड बघू डोळे."

त्याचा चेहरा इतका उतरला होता, की मी उघडले.

मिट्ट काळोख.

पटकन पुन्हा मिटले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.