हिरव्या लुगड्यातली बाहुली

भुवना मिसने चटईवर पाच बाहुल्या ओळीने बसवल्या आणि मुलांना सांगितलं, ज्याला जी आपल्या घरातली वाटेल ती त्याने उचलायची. मागे लहान मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे आवळून वसुमती बसली होती. बाहुल्या तिनेच शिवल्या होत्या. तिचं सगळं लक्ष शेवटच्या, हिरव्या लुगड्यातल्या बाहुलीकडे होतं.

त्या वर्षी तंजावूरच्या दुकानांत पिवळ्या केसांच्या परदेशी बाहुल्या येऊ लागल्या होत्या. नर्सरीतल्या प्रत्येक वाढदिवसाला त्यातली एक तरी हजर असायची. भुवना मिसला ते खटकत होतं. मुलांना आपल्या आईसारखी, आजीसारखी बाहुली खेळायला मिळावी, असं म्हणून तिने हे काम वसुमतीकडे दिलं. वसुमतीचा हात शिवणात चांगला होता आणि तिची लेक नंदिता याच वर्गात होती.

वसुमतीने काम मनापासून केलं. नंदिताच्या वर्गातल्या रहमतची आजी बाहेर पडताना साडीवरून पांढरी चादर कशी घेते, ते ती तिच्या घरी बसून पाहून आली. भाताची लावणी करणाऱ्या बायका पदर कुठे खोचतात हे बघायला बसने ओरत्तनाडूच्या शेतांत गेली आणि पाय चिखलात बरबटून परतली. रविवारी चर्चच्या वाटेवर वर्गातल्याच फिलोमिनाच्या आईच्या मागे मागे चालली. शेजारच्या अय्यर मामींना तर तिने सोवळ्याची नऊवारी दोनदा सोडून पुन्हा नेसायला लावली. मामी वैतागल्या, पण नेसल्या.

राहिली मराठी बाहुली, म्हणजे स्वतःच्याच घरातली. तिच्यासाठी वसुमती कुणाकडेच गेली नाही. आरशात पाहिलं तर सहावारी नायलॉन नेसलेली, केसांत गजरा माळलेली, नाकात खड्याची चमकी घातलेली बाई दिसली, गल्लीतल्या कुठल्याही बाईसारखी. हिच्यात मराठी ते काय? तिला स्वतःचीच लाज वाटली. प्राणेशभावजींनी पुण्याहून आणलेलं एक कॅलेंडर भिंतीवर होतं. त्यावरच्या बाईचं हिरवं लुगडं, घट्ट कासोटा, कपाळावरची चंद्रकोर, ओठांवर आलेली नथ, सगळं तिने जसंच्या तसं उतरवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. नथीसाठी तिने स्वतःच्या कुडीतला मोती काढला.

मोती काढताना तिला वाईट वाटलं नव्हतं. पिढ्यान्पिढ्या तंजावुरात काढलेल्या त्यांच्या घरात देवनागरी कुणालाच वाचता येत नव्हती. नंदिता प्रत्येक गोष्टीला तमिळमध्ये उत्तर द्यायची. मराठी उरली होती ती बाजारात आणि पाहुण्यांसमोर, त्यांना कळू नये म्हणून एकमेकांना हळूच सांगण्यापुरती: भाव जास्त लावतोय, दूध संपलंय. निदान या बाहुलीवरून तरी पोरीला कळेल आपण कोण, एवढीच वसुमतीची आशा होती.

मुलं धावली. रहमतने पांढऱ्या चादरीतली बाहुली छातीशी धरली आणि ही आमची आजी म्हणून सगळ्यांना दाखवत सुटली. फिलोमिनाने गळ्यातल्या इवल्याशा क्रुसाची पापी घेतली. अय्यर मामींची नात तिथेच बाहुलीला रागवायला लागली, अगदी मामींच्या आवाजात. खोचलेल्या पदराची बाहुली आणखी एकाने उचलली. चटईवर हिरवी तेवढी उरली. नंदिता हात मागे बांधून उभी होती.

मिसने तिला जवळ घेऊन सांगितलं, ही तुमची, मराठी. नंदिताने बाहुली नखशिखांत न्याहाळली आणि तमिळमध्ये, अगदी आदबीने म्हणाली की आमच्या घरी असं कुणी नाही. मिसने वसुमतीकडे पाहिलं. वसुमतीचे कान तापले. चार घरं पुसत फिरले आणि आपल्याच घराचं दार ठोठावलं नाही, असं तिच्या मनात आलं. त्या बुटक्या बाकाखाली शिरता आलं असतं तर ती शिरली असती.

मग घर घर खेळायची वेळ झाली. बाकीच्या बाहुल्या जमिनीवर स्वयंपाकाला बसल्या. नंदिताने हिरव्या बाहुलीला दोन्ही हातांनी उचललं आणि खुर्चीवर बसवलं. आल्यागेल्याला खुर्ची द्यायची, हे घरी शिकवलेलं पोर विसरली नव्हती.

"वांगो, उक्कारुंगो," या, बसा, असं ती बाहुलीला तमिळमध्ये म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "आंटी, प्लीज सिट."

तिने खोटी कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतून फेसाळ केली आणि पुढे ठेवली. रहमतने विचारलं, ही कोण? नंदिताने सांगितलं, पाहुणी, लांबच्या गावाहून रेल्वेने आली आहे. वसुमती हसायला गेली, पण हसू आलं नाही. बाहुलीच्या नाकातला तिचा मोती उन्हात चमकत होता.

थोड्या वेळाने नंदिता बाकापाशी आली. आईच्या मांडीवर रेलून, तोंडावर आडवा हात धरून तिने हळूच विचारलं, चक्क मराठीत.

"अम्मा, ही जाणार केव्हा गे?"

वसुमतीच्या तोंडून सवयीने उत्तर निघून गेलं. "हळू बोल. ऐकेल ती."

नंदिताने खुर्चीकडे एकदा पाहून घेतलं.

"ऐकू दे की," ती म्हणाली. "तिला आपलं बोलणं कोठे समजतं?"